सेल्युकसची राणी अपामा कोण होती? चंद्रगुप्त मौर्याला दिलेली ‘हेलेना’ तिचीच मुलगी का?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. ‘हेलेना’ हे नाव एकाही प्राचीन ग्रीक वा लॅटिन लेखकाने दिलेलं नाही. अलेक्झांडरचा सरदार आणि पुढे त्याच्या आशियातल्या साम्राज्याच्या मोठ्या भागाचा राजा झालेला सेल्युकस आणि चंद्रगुप्त यांच्यात मैत्री व सोयरीक झाली, एवढंच अप्पियन लिहितो. स्ट्रॅबो ‘एपिगामिया’ म्हणतो आणि बदल्यात ५०० हत्ती मिळाल्याचं सांगतो. एपिगामिया म्हणजे एखादं लग्न असेल, किंवा दोन समाजांत बेटीव्यवहाराला दिलेली मोकळीक. मुलगी कुणाची, ती कुणाला दिली, याबद्दल तिथे अक्षरही नाही.

सेल्युकस-चंद्रगुप्त यांच्यातला हा तह इ.स.पू. ३०५ ते ३०३ च्या सुमारास झाला. सेल्युकसची दुसरी राणी स्ट्रॅटोनिकी त्याच्या घरात आली ती त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे सेल्युकसची औरस मुलगी गृहीत धरलीच, तर ती अपामाचीच असू शकते, आणि मग तिला निव्वळ ‘ग्रीक राजकन्या’ म्हणता येत नाही. कारण अपामा ग्रीक नव्हती. ती सोग्दियानाची, म्हणजे आजच्या उझबेकिस्तान-ताजिकिस्तानच्या पट्ट्यातली. तिचा बाप स्पितामेनेस अलेक्झांडरशी इ.स.पू. ३२९-३२८ मध्ये लढला आणि त्यातच मारला गेला. चार वर्षांनी इराणातल्या सुसा इथे अलेक्झांडरने आपल्या ऐंशीएक सरदारांची लग्नं इराणी घराण्यांतल्या मुलींशी लावली, त्यात सेल्युकस-अपामाचं हे एक. मुलगा अँटिओकस लवकरच झाला. तोच पुढे इ.स.पू. २८१ मध्ये गादीवर आला.

माझ्या मते तिच्याबद्दलचा सर्वांत मोलाचा पुरावा मिलेटस या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ग्रीक नगराचा दगडावर कोरलेला इ.स.पू. २९९/२९८ चा ठराव आहे. सेल्युकसच्या मोहिमेत गेलेल्या मिलेटसच्या सैनिकांची तिने आस्थेने काळजी घेतली, म्हणून तिचा पुतळा जवळच्या डिडिमा या तीर्थस्थानी आर्टेमिस देवीच्या देवळात उभारायचं ठरलं. त्यात तिला चक्क ‘राणी’ म्हटलंय. सुसाचं लग्न पंचवीस वर्षांनीही टिकून होतं, हे या दगडावरून कळतं.

वाचताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. स्ट्रॅबो तिला अर्ताबाझस या इराणी सरदाराची मुलगी म्हणतो, ते चूक. त्याच सुसाच्या सोहळ्यात अर्ताबाझसची मुलगी टॉलेमी या अलेक्झांडरच्या दुसऱ्या सरदाराला दिली होती. एरियन त्या मुलीला अर्ताकामा म्हणतो, प्लुटार्क मात्र अपामा. गोंधळ बहुधा तिथूनच आला. दुसरी अपामा म्हणजे हिची नात, अँटिओकसची मुलगी, सायरिनीचा (आजच्या लिबियातल्या) राजा मागास याची बायको. इजिप्तची राणी बेरेनिकी दुसरी ही त्या नातीची लेक.

सीरियात ओरोंटेस नदीकाठी सेल्युकसने अपामाच्या नावाने अपामिया वसवलं. स्ट्रॅबोच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे ५०० हत्ती याच गावात ठेवलेले असत.