पाय मुरगळलाय, घरात एकटीच आहे

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ५७, एकटीच असते. पावसात जिना उतरताना पाय मुरगळला, घोटा बाहेरच्या बाजूनं टम्म सुजलाय आणि आता काळानिळा पडलाय, पण लंगडत चालता येतंय. समोरच्या काकू म्हणतात एका बाईंकडून चोळून घे, दोन दिवसात पळायला लागशील. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी बेंगळुरूला असते, तिला अजून सांगितलं नाहीये, उगाच रजा टाकून येईल. घरच्या घरी काय करू?

उत्तर : ताई, चोळून अजिबात घेऊ नका. पाय मुरगळला की घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारे पट्टे, ताणले जातात, कधी थोडे फाटतातही, आत रक्त साकळतं म्हणून तो काळानिळा रंग, आणि अशात जोर लावून चोळलं तर सूज वाढते, बारीक फ्रॅक्चर असलं तर आणखीनच घोळ. पहिले दोन-तीन दिवस गरम शेकही नको. काकू मायेनंच सांगतायत, त्यांना दुसरं काम द्या, पुढे सांगते.

आधी एक बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेला बोटानं दाबा, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर हाडाचा उंचवटा लागतो तोही दाबा. हाडावर कळ आली, किंवा कशाला न धरता चार पावलंही टाकता येईनात, तर सरळ रिक्षा करून हाडांच्या डॉक्टरकडे, एक्स-रे काढायचाच.

तसं काही नसेल तर टॉवेलात गुंडाळून बर्फ, एका वेळी १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. शुगर असेल आणि पाय बधिर वाटत असतील तर बर्फ डॉक्टरांना विचारूनच. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत बांधा, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा, रात्री काढा. झोपताना पायाखाली दोन उशा. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर बाकीच्या पेनकिलर मेडिकलमधून मनानं आणू नका.

पण मला काळजी घोट्याची नाहीये, तो बरा होईल. एकट्या माणसाला भीती असते दुसऱ्यांदा पडायची. बाथरूमला कडी लावू नका, आत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, बसूनच अंघोळ करा. मोबाइल पाऊचमध्ये घालून गळ्यातच ठेवा, पडल्यावर टेबलावरचा फोन काय कामाचा? काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. चहा कपातून नेऊ नका, थर्मासमध्ये भरून पिशवीत घाला म्हणजे एक हात कठड्याला मोकळा राहतो. आणि घराची एक चावी काकूंकडे द्या, सकाळ-संध्याकाळ हाक मारा म्हणावं, दूध-भाजीही त्यांनाच आणायला सांगा, त्यात कसला संकोच? मुलीला आजच फोन करा. तिला उशिरा कळलं तर जास्त लागेल, आणि रजेचं तिचं ती बघेल.

दुखणं उतरलं की बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवा, घोटा आखडत नाही. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सोबत दम लागला तर थेट १०८. दोन-तीन आठवड्यांनीही पाय लचकतोय असं वाटलं तर फिजिओथेरपिस्टकडे जा, तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या, नाहीतर तोच घोटा परत मुरगळतो.