बोगनवेल की मधुमालती? आधी नळ कुणाच्या हातात ते सांगा

प्रश्न : कराडजवळ आम्ही नवं घर बांधलं. फाटकावर लोखंडी कमान करून एका बाजूला बोगनवेल आणि दुसऱ्या बाजूला मधुमालती लावली. दोघींना ठिबकची एकच नळी आहे, रोज तासभर चालते. खतही सारखंच, शेणखत आणि अधूनमधून मूठभर युरिया. मधुमालती फुलांनी लगडली आहे. बोगनवेलीला मात्र नुसती पानं आणि बोटभर काटे. सासूबाई म्हणतात, ही भाकड निघाली, उपटून टाका आणि दोन्हीकडे मधुमालतीच लावा. काय करू?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, उपटू नका. सासूबाईंना सांगा, वेल भाकड नाही, लाडावलेली आहे.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे ‘बोटभर काटे’. बोगनवेलीच्या पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्यातून फुलाचा देठ तरी निघतो, नाहीतर काटा. म्हणजे काटा हा फुलायचा राहून गेलेला देठच म्हणायचा. पाणी भरपूर, नत्र भरपूर अशी चैन चालू असली की वेल वाढीच्या मागे लागते आणि डोळ्यांचे काटे होतात. हात आखडता घेतला की त्याच डोळ्यांतून फुलं येतात. बोगनवेलीच्या बुंध्याशी नळीचे दोन ड्रिपर असतील, प्रत्येकी ताशी 4 लिटरचे, तर तिला रोज 8 लिटर पाणी झालं. वर युरिया. कृष्णाकाठची काळी जमीन आधीच ओल धरून ठेवणारी. मग काटेच येणार, दुसरं काय?

तुमच्या ओळखीत सांगोला-आटपाडीकडचा कुणी डाळिंबवाला असेल तर त्याला विचारा. बहार धरायचा तर बाग ताणावर सोडावी लागते, म्हणजे काही दिवस पाणी तोडावं लागतं, हे तो झोपेतही सांगेल. बोगनवेलीचंही तसंच. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली; 1767 साली फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ कॉमर्सन याला ती ब्राझीलमध्ये रिओजवळ दिसली आणि ज्या जहाजांवरून तो आला होता त्यांच्या कप्तानाचं, बोगनव्हिलचं, नाव तिला मिळालं. कोरडा हंगाम आणि लहान दिवस यांत फुलायची तिची रीत. म्हणूनच आपल्याकडे हमरस्त्यांच्या दुभाजकांवर, जिथे कुणी ढुंकून बघत नाही, तिथे ती ऐन उन्हाळ्यात पेटल्यासारखी दिसते.

आता करायचं काय ते. नळी एकच असली तरी बोगनवेलीकडे जाणाऱ्या फाट्याला वेगळा कॉक बसवा आणि तेवढाच बंद करा. खर्च किरकोळ आहे. युरिया कायमचा थांबवा. पाऊस पूर्ण उघडला की, दसऱ्याच्या आसपास, लांब सुटलेले फोक निम्म्याने छाटा. फूल नव्या फुटीवर येतं. छाटल्यावर ओंजळ-दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि एकदा सडकून पाणी. नंतर हात बांधून बसायचं. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका, संध्याकाळी ती पुन्हा उभी राहतात. संध्याकाळीही मान टाकलेली दिसली तरच पाणी. तुमच्या जमिनीत संक्रांतीपर्यंत बहुधा ती वेळ येणारही नाही. दत्तजयंतीच्या सुमारास रंग दिसू लागावा. चुलीची राख टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलाइन), आणि राखही तशीच, म्हणजे आगीत तेल. मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसायला लागतं.

फुलली की एकदा जवळ जाऊन बघा. ज्याला आपण फूल म्हणतो त्या तीन कागदी पाकळ्या खरं तर पानंच आहेत, रंगलेली. प्रत्येकीच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी चांदणी उघडते. खरं फूल ते. ते गळलं तरी रंगीत पानं टिकून राहतात, म्हणून ही वेल आठवडेच्या आठवडे फुललेली वाटते. वास मात्र नाही.

वासाचं खातं मधुमालतीकडे. तिच्या कळ्या दिवेलागणीला उमलतात, तेव्हा पांढऱ्या असतात आणि आडव्या समोर बघतात. तो सुगंध आणि तो पांढरा रंग रात्रीच्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी होतं, पुढे लाल, आणि हळूहळू मान खाली घालतं. मग दिवसा माश्या आणि पाखरं येतात. एकाच घोसात तीन रंग दिसतात ते यामुळे. ही बाई ओलीची शौकीन आहे. उन्हाळ्यात तुमची रोजची नळी चालू द्या, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर घाला, पावसाच्या तोंडाशी पाटीभर शेणखत द्या. पण ती फुकट सांभाळली जात नाही. मुळांपासून फुटवे येतात, हातभर दूरवर, कधी फरशीच्या सांध्यातून. दिसले की कुदळीने मुळासकट काढा, नुसते वरून कापून भागत नाही. पावसात भिजलेल्या वेलीचं ओझं जबर असतं. कमान बारीक पाइपांची असेल तर वेळीच टेकू द्या. छाटणी थंडीत, बहार ओसरल्यावर. जुन्या फांद्यांवर गळून पडलेल्या पानांच्या देठांचे कडक आकडे राहतात, म्हणून तिलाही बिनकाट्याची समजून उघड्या हाताने ओढू नका.

दोन्हीकडे मधुमालती लावायचा सासूबाईंचा विचार मला पटत नाही. थंडीत ती उघडीबोडकी दिसते आणि नेमकी तेव्हाच बोगनवेल रंगात येते. कमानीच्या मध्यापलीकडे मात्र मधुमालतीला जाऊ देऊ नका. ती दुसरीला झाकून टाकेल आणि सावलीतली बोगनवेल फुलत नाही, कॉक बंद असो की चालू. फाटकाच्या वाटेवर झुकलेले बोगनवेलीचे फोकही लगेच उडवा. ते काटे लागले की जखम चिघळते.

प्रश्न : ठाण्यात पाचव्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेची, ऊन साधारण दहापर्यंत. दोन्हींपैकी कुठली कुंडीत बरी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं सांगायचं तर एकही नाही. बोगनवेलीला पाच-सहा तास सणसणीत ऊन हवं. कुंडी तिला चालते, उलट मुळं थोडी कोंडली की जास्त फुलते. पण तुमच्या उन्हात ती हिरवीच राहील. मधुमालतीला मोठा ड्रम लागेल आणि दोन पावसाळ्यांत ती वरच्या मजल्यावर पोचेल. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय निघणार. तगर लावा. अर्ध्या उन्हात फुलते, पूजेला फुलं मिळतात. बोगनवेलीचाच हट्ट असेल तर गच्चीची परवानगी काढा, बारा इंची कुंडी घ्या, भोकं मोकळी ठेवा आणि खाली ताटली ठेवू नका. बदलायची वेळ आली तर गड्डा फुटू देऊ नका. तिची मुळं फार नाजूक असतात, झटकून लावलेली वेल बहुतेक वेळा जगत नाही.

प्रश्न : पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं एकाच झाडावर येणारी बोगनवेल आणली होती. आता सगळ्या फांद्या गुलाबी व्हायला लागल्या. नर्सरीवाल्याने फसवलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फसवलेलं दिसत नाही. ही ‘मेरी पामर’ असावी. एका वाणाच्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून ती निघाली आहे, त्यामुळे काही फांद्या नुसत्या पांढऱ्या, काही नुसत्या गुलाबी, काही मिश्र, असा तिचा कारभार असतो. गुलाबी फांदी जोमदार असते आणि दुर्लक्ष झालं की झाड बळकावते. फुलात असतानाच निव्वळ गुलाबी फांद्यांना दोरा बांधून ठेवा आणि बहार संपला की त्या सांध्यापासून काढा. छाटणीच्या वेळी फूल नसतं, तेव्हा कुठली कोणती ते कळत नाही. कलमासाठी काडी घ्यायची तर मिश्र फांदीचीच घ्या, पेन्सिलीएवढी जाड. चितकबऱ्या पानांची ‘थिम्मा’ असेल तर तिथे हिरव्या पानांची फांदी दिसेल तेव्हा कापायची, बहाराची वाट बघायची नाही.