पायचीत आणि मोबाइलवाले काका

प्रश्न : मी इंदूरला 14 वर्षांखालील मुलांच्या क्रिकेट सामन्यांत अंपायरिंग करतो. परवा पायचीतचं अपील फेटाळलं, तर गोलंदाजाचे वडील मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन थेट खेळपट्टीवर! काय करायला हवं होतं?

उत्तर : अहो, तो व्हिडिओ बघितला नाहीत ना? मिडविकेटच्या बाजूनं काढलेल्या चित्रणात चेंडूची रेषा कळतच नाही. टप्पा लेगस्टंपाबाहेर पडला, तर चेंडू मधल्या यष्टीवर जाणारा असला तरी नाबाद. पण हा वर्ग मैदानात घेऊ नका. खेळ थांबवा, दोन्ही कर्णधारांना बोलवा. काकांना सीमेबाहेर नेणं संयोजकांचं काम. मी एवढंच म्हणतो, "भिया, चहा घेऊ नंतर." इंदुरात चालून जातं.

स्वतःलाच शंका आली तर लेगअंपायरला विचारा, निर्णय बदलाही. नियम 2.12 तशी मुभा देतो, मात्र लगेच. मी एकदा बॅट पॅडला लागल्याचा आवाज कड समजलो आणि एका पोराला झेलबाद दिलं. ग्लोव्हचा पट्टा दातांनी ओढत, मागं वळून बघत गेला बिचारा. सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "माझं चुकलं रे." तो काही बोलला नाही, पोह्यांची प्लेट तेवढी माझ्याकडे सरकवली. शेव आधीच संपवली होती.