सनस्क्रीनमधले नॅनो कण पेशींना मारतात का?

प्रश्न: सनस्क्रीनच्या ट्यूबवर टायटॅनियम डायऑक्साइड, पुढे कंसात 'नॅनो' असं लिहिलंय. मुलीला लावू की नको? नॅनो म्हणजे विषारी असं व्हॉट्सॲपवर फिरतंय.

उत्तर: लावा हो बिनधास्त. नॅनो हे फक्त माप झालं, खरी गंमत कणाच्या पृष्ठभागात असते. म्हणजे बघा, आपल्या पेशीचं बाहेरचं आवरण ऋणभारित असतं, त्यामुळे धनभारित कण त्याला पटकन चिकटतात, कधी भोकं पाडून आत घुसतात, म्हणून ते सहसा जास्त त्रासदायक, आणि सोन्याच्या नॅनोदांड्यांचंही, म्हणजे अतिसूक्ष्म काड्यांचंही, तेच, सोनं बिचारं गरीब पण बनवताना वर राहिलेला सीटॅब नावाचा साबणासारखा थर पेशी मारतो, तो काढून पेगचा, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा, थर चढवला की त्रास बराच कमी.

आता तुमची ट्यूब. उघड्या टायटॅनियम डायऑक्साइडवर ऊन पडलं की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, तयार होतात, म्हणून कंपन्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा कोट चढवतात. शिवाय धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत थरापलीकडे हे कण जवळपास जातच नाहीत. फक्त स्प्रे आणि पावडर टाळा, ते श्वासातून फुप्फुसात जातं आणि तिथे असा मृत थर नसतो.