आकडे येणाऱ्या सगळ्या खान्यांना नंबरचाच कीबोर्ड लावून मोकळं व्हावं का?

तुम्ही फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायच्या साधनात) शेतकरी नोंदणीचं ॲप करताय आणि मोबाइल नंबरच्या खान्यावर बोट ठेवलं की अक्षरांचा कीबोर्ड उघडतो. म्हणून विचारताय, जिथं जिथं आकडे येतात तिथं टेक्स्टइनपुटटाइप.नंबर, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड, लावून टाकू का?

नका लावू. मी लावलं होतं.

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीसाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या बिलाचं, ॲप केलं होतं. वजन, भाव, कट्टे, ओलावा, सगळीकडं नंबर. माझ्या अँड्रॉइडवर बिनबोभाट चाललं. सोयाबीनच्या हंगामात मुनीमजींच्या हातात शेटचा जुना आयफोन आला. ओलावा होता १२.५. मुनीमजी खाली-वर बघत म्हणाले, "भाऊ, पॉइंट कुठंय ह्याच्यात?" पॉइंट नव्हताच. आयफोनवर नुसतं नंबर म्हटलं की शून्य ते नऊ एवढंच येतं. मागं गाड्यांची रांग, म्हणून त्यांनी १२५ टाकलं. त्या आडतीचा हिशोब असा, की दहाच्या वर जितके टक्के तितके किलो क्विंटलमागं कापायचे. क्विंटलला ११५ किलो कट! शेतकऱ्यानं माल घालून वर आडत्यालाच पैसे द्यायचे, अशी पट्टी निघाली. शेतकरी हसला म्हणून निभावलं.

तिथं हवं होतं टेक्स्टइनपुटटाइप.नंबरविथऑप्शन्स, त्यात डेसिमल: ट्रू, म्हणजे पॉइंट मिळतो. शिवाय इनपुट फॉरमॅटर (टाकलेलं जागीच गाळणारी चाळणी) लावून एकच पॉइंट आणि त्यापुढं दोनच आकडे येऊ द्यायचे. आणि ओलावा शंभराच्या वर जातोच कसा, हे ॲपनं विचारायला पाहिजे होतं. तो दोष कीबोर्डचा नाही, माझा.

खाना ठरवताना मी आता एकच बघतो: ह्या आकड्याची बेरीज-वजाबाकी होणार आहे का? वजन, भाव, ओलावा यांची होते. मोबाइल, आधार, पिनकोड, बँक खाते यांची कधीच होत नाही. ते आकड्यांत लिहिलेलं नाव समजा. कीबोर्ड आकड्यांचा द्या, मोबाइलला फोनचा द्या, पण साठवताना स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, ठेवा. खाते नंबर शून्यानं सुरू होत असेल आणि तुम्ही इंट, म्हणजे पूर्णांक, केला, तर ते शून्य गेलंच म्हणून समजा.

तुमच्या ॲपमध्ये सगळ्यात चकवणारा खाना गट नंबरचा असणार. नावात नंबर आहे, पण सातबाऱ्यावर १२७/२/अ असं असतं. नंबरचा कीबोर्ड दिला तर त्या 'अ'चं माणसानं काय करायचं? तिथं साधा टेक्स्टचाच कीबोर्ड ठेवा. मग दुसरी गंमत होते. ज्याचा कीबोर्ड मराठी आहे तो देवनागरी आकडे टाकतो, ज्याचा इंग्रजी आहे तो इंग्रजी. माणसाला दोन्ही एकच, शोधताना ॲपला वेगळे. फ्लटरची भाषा डार्ट, तिच्या इंट.पार्सला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) देवनागरी आकडा दिला तर सरळ एरर येते. म्हणून साठवण्याआधी सगळे आकडे एकाच लिपीत आणा, दहा अक्षरं बदलायची एवढंच काम आहे.

मोबाइलच्या खान्याचं आणखी एक. कीबोर्डटाइप ही फोनला केलेली विनंती असते. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेला नंबर चिकटवताना तिला कोण विचारतो? त्यात पुढं +९१ असतं. आपण शहाणपणानं डिजिट्सओन्ली (फक्त आकडे ठेवणारा फॉरमॅटर) आणि दहाची मर्यादा लावलेली असते. मग प्लस गळतो, ९१ राहतात आणि शेवटचे दोन आकडे कापले जातात. खाना भरलेला दिसतो, दहा आकडे मोजून दिसतात, फक्त नंबर भलत्याचाच. मर्यादा बारावर न्या; ९१ नं सुरू होणारे बारा आकडे आले तर पुढचे दोन काढा, आणि सेव्ह करताना दहाच उरलेत का ते बघा. नुसते दहाच असतील तर ९१ ला हात लावू नका, तशा सुरुवातीचे खरे नंबरही असतात.

आयएफएससीला, म्हणजे बँक शाखेच्या कोडला, टेक्स्ट, टेक्स्टकॅपिटलायझेशन.कॅरेक्टर्स आणि आपल्या हातानं अपरकेस. अकरा अक्षरांतलं पाचवं शून्य असतं, लोक तिथं हमखास ओ टाकतात, ते तपासा. ईमेलला ईमेलॲड्रेस, म्हणजे ॲटची खूण समोर येते. अर्थात आमच्या उदगीर-अहमदपूरकडच्या शेतकऱ्याला ईमेल सक्तीचा करणार असाल तर आधी तो खानाच काढा.

आणि आयफोनच्या आकड्यांच्या कीबोर्डवर 'डन'चं बटण नसतं. खालचं सेव्ह कीबोर्डखाली दबतं आणि माणूस अडकतो. टेक्स्टफील्डच्या ऑनटॅपआउटसाइडमध्ये, म्हणजे खान्याबाहेर बोट लागलं की, फोकस काढून टाका, कीबोर्ड मिटतो. मुनीमजी तोवर दर नोंदीला ॲप बंद करून परत उघडत होते, आणि मला हे त्यांनी आठ दिवसांनी सांगितलं.