घरच्या वर्कस्टेशनवर सर्व्हर प्रणाली टाकावी का?

प्रश्न : मी घरूनच करसल्लागार म्हणून काम करतो. आठ कोअरच्या (म्हणजे गणना करणाऱ्या आठ भागांच्या) प्रोसेसरचे, ३२ जीबी रॅम असलेले भक्कम वर्कस्टेशन माझ्याकडे आहे. त्यावर टॅली, विवरणपत्रे आणि अशिलांशी व्हिडिओ बैठका चालतात. दोन मदतनीस आपल्या लॅपटॉपवरून त्यातलेच सामायिक फोल्डर उघडतात. ‘विंडोज सर्व्हर टाक, तो अडत नाही आणि भर कामात अपडेटसाठी बंद पडत नाही,’ असे मित्र म्हणतो. त्याचे ऐकावे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. सर्व्हर आपणहून भर दुपारी यंत्र बंद करून चालू करत नाही, हे खरे. तथापि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षा अपडेट त्यालाही लागतात आणि त्यानंतर तोही पुन्हा सुरू करावाच लागतो. ‘अडत नाही’ म्हणाल, तर विंडोज ११ आणि सर्व्हर यांचा गाभा एकाच घराण्यातला आहे. आज एखादा सदोष ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) आपले यंत्र अडवत असेल, तर तोच ड्रायव्हर सर्व्हरलाही अडवील.

अडचण निराळीच आहे. सर्व्हर प्रणाली ही ज्या यंत्रासमोर कोणी बसत नाही अशा यंत्रासाठी घडवलेली असते. मी स्वतः काही महिने विंडोज सर्व्हरची २०१९ ची आवृत्ती रोजच्या टेबलावर चालवली आहे. पहिल्याच दिवशी ध्वनीच्या चिन्हावर लाल फुली दिसली, कारण आवाजाची सेवा मुळातच बंद ठेवलेली असते. वाय-फायसाठीही वेगळी सुविधा आधी बसवावी लागली. घरगुती वापराचे बरेच अँटीव्हायरस आणि बॅकअपचे प्रोग्राम ‘ही प्रणाली चालणार नाही’ म्हणून बसायलाच नकार देतात. यंत्र बंद करताना प्रत्येक वेळी कारण विचारले जाते आणि वीज अचानक गेली असेल, तर पुढच्या लॉगिनला ‘यंत्र अनपेक्षितपणे का बंद पडले?’ अशी चौकट समोर येते. आपल्या खान्देशात मे महिन्यात ती चौकट किती वेळा भरावी लागेल, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

खर्चही पाहा. सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना कोअरवर मोजतात आणि आपल्या प्रोसेसरला आठच कोअर असले तरी किमान १६ कोअरचे पैसे द्यावे लागतात. शिवाय फोल्डर वापरणाऱ्या मदतनिसांसाठी जोडणीचे परवाने वेगळे. याउलट विंडोज ११ प्रो एकाच वेळी २० यंत्रांना फोल्डर उघडू देते. दोन माणसांसाठी तेवढे पुष्कळ झाले. अपडेटचा त्रास असेल, तर सेटिंगमधील कामाचे तास १८ पर्यंत वाढवता येतात, त्या वेळात यंत्र आपणहून पुन्हा सुरू होत नाही.

तेव्हा वर्कस्टेशनवर प्रो आवृत्तीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर शिकण्याची हौस असेल, तर ती अवश्य भागवा: प्रोमध्ये हायपर-व्ही, म्हणजे एका यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र चालवण्याची सोय, विनामूल्य मिळते (होम आवृत्तीत ते नाही), बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करून त्यात सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती बसवा आणि तिला ८ जीबी रॅम द्या. अशिलांचा मूळ डेटा मात्र चाचणी आवृत्तीत ठेवू नका. यूपीएस यूएसबी तारेने यंत्राला जोडा आणि बॅटरी संपण्याआधी यंत्र आपोआप रीतसर बंद होईल अशी व्यवस्था करा, कारण तसे झाले तर हायपर-व्ही आतील सर्व्हरची स्थिती जतन करून ठेवतो. वीज एकदम तुटली, तर त्याला ती संधीच मिळत नाही.