नेमके काढ, मग उशीर झाला तरी चालेल

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे अर्धवट चित्र मिळाले. आजूबाजूला इतके काही घडत असताना चित्र काढण्याला अर्थ आहे का, असा प्रश्न तू विचारला नाहीस, याचे मला बरे वाटले. त्याचे उत्तर तुला आणि मला, दोघांनाही ठाऊक आहे. तुझी अडचण वेगळी आहे. बातमी आली त्याच रात्री तुझ्या बरोबरीच्या सगळ्यांची चित्रे फोनवर झळकली, लोकांनी ती भराभर पुढे पाठवली, आणि तुझ्या हातून मात्र कितीतरी दिवस एक रेघ उमटली नाही. आता कुठे चित्र निम्मे झाले आहे, तर लोकांचे लक्ष दुसऱ्या बातमीकडे वळले आहे. म्हणून ते फाडून टाकावे की काय, असे तू लिहिलेस.

फाडू नकोस. पण आहे तसे पुरेही करू नकोस.

तुझ्या चित्रात मध्यभागी उंचावलेल्या मुठी आहेत, मागे काटेरी तार आहे, वर पंख फाटलेले कबूतर आहे. या तिन्ही गोष्टी तू पाहिलेल्या नाहीत. त्या इतरांच्या पोस्टरांवरून तुझ्या हातात उतरल्या आहेत, आणि म्हणूनच त्या इतक्या सफाईने उतरल्या आहेत. पण खाली डाव्या कोपऱ्यात, रांगेतून थोडे बाजूला सरून, एक बाई गुडघ्यावर बसली आहे. ती मुलाच्या बुटाची नाडी बांधते आहे आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिने अर्जाचा कागद दातांत धरला आहे. कागद ओला होऊ नये म्हणून तिने ओठ मागे ओढून घेतले आहेत. हे तू पाहिले आहेस. मदत केंद्राबाहेरच्या रांगेत उभे राहून पाहिले आहेस, हे पत्रात लिहिले नसतेस तरी मला त्या ओठांवरून कळले असते. सगळ्या चित्रात खरा एवढाच कोपरा आहे आणि तू त्याला अंगठ्याच्या नखाएवढी जागा दिली आहेस.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: नेमके काढ. उशीर झाला तरी चालेल, चित्र लहान झाले तरी चालेल, चार लोकांनीच पाहिले तरी चालेल. अंदाजाने काढलेले मात्र चालणार नाही.

उशिराची तुला भीती वाटते, म्हणून जर्मन चित्रकार केटे कोलवित्स यांच्याकडे एकदा नीट बघ. त्यांचा धाकटा मुलगा पीटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागत होती आणि ती मिळवून देण्यात आईचाच हात होता. एवढे दुःख आणि एवढी सिद्धी एकाच ठिकाणी असताना त्यांनी दुसऱ्याच दिवशी युद्धविरोधी चित्र काढले असते, तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण युद्धावरची त्यांची सात वुडकटची, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची, मालिका प्रसिद्ध झाली १९२३ मध्ये. त्याआधी त्यांनी हाच विषय इतर माध्यमांत हाताळून पाहिला होता. एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघ कोरणे, त्यांच्या हातात मुरलेले होते, दगडावरून छापायचा लिथोग्राफही होता, तरी त्यांचे समाधान होईना. शेवटी लाकूड कोरून जी काळी-पांढरी, माघार न घेणारी रेघ मिळते, तिच्यात त्यांना हवे होते ते सापडले. त्या सात चित्रांत रणांगण नाही आणि शत्रू नाही. त्यांत आई-बाप आहेत, विधवा आहेत, आणि एकमेकींना घट्ट धरून गोल करून उभ्या राहिलेल्या आया आहेत, ज्यांच्या हातांच्या फटींतून मुलांचे चेहरे डोकावतात. मुलाच्या स्मारकाला तर त्यांना आणखी वेळ लागला. गुडघे टेकून बसलेले आई-बाप, ज्यांना त्यांनी स्वतःची आणि पतीची ठेवण दिली, ते पुतळे १९३२ मध्ये बेल्जियमच्या दफनभूमीत उभे राहिले. मुलाच्या मृत्यूला तोवर जवळजवळ अठरा वर्षे झाली होती. आता सांग, दोन आठवड्यांनी काय बिघडते?

यावर तू म्हणशील की त्या फार थोर होत्या आणि त्यांचा काळ निराळा होता. मग जपानी वंशाच्या अमेरिकी चित्रकार मिने ओकुबो यांचे काम पाहा. १९४२ मध्ये अमेरिकेने आपल्याच देशातल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरातून उठवून छावण्यांत नेऊन ठेवले, त्यांत ओकुबो होत्या. पहिल्यांदा त्यांना टॅनफोरान येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यातल्या एका ठाणात राहावे लागले. भिंतींवर घाईघाईने चुना फासला होता आणि त्या चुन्याखाली कोळ्यांची जाळी आणि घोड्यांचे केस तसेच चिकटलेले होते. कैद्यांना कॅमेरा बाळगायची बंदी होती, म्हणून ओकुबो यांनी कागद आणि शाई घेतली. रांगा, न्हाणीघरे, धुळीची वादळे, रोजची मोजणी, हे सारे त्यांनी काढले आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात स्वतःलाही काढले, कारण आपण तिथे होतो आणि आपण हे पाहत होतो, हेच त्यांना नोंदवायचे होते. या चित्रांचे पुस्तक १९४६ मध्ये आले. १९८१ मध्ये या छावण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि आपले पुस्तक आयोगासमोर ठेवले. सरकारने कायदा करून माफी मागितली १९८८ मध्ये. त्या चित्रांत तारेत अडकलेले कबूतर असते, तर आयोगाने त्याचे काय केले असते? चुन्याखालचा घोड्याचा केस साक्ष देऊ शकतो. प्रतीकाला साक्ष देता येत नाही.

मी झटपट कामाच्या विरुद्ध आहे असा समज करून घेऊ नकोस. चित्रकार तूवे यान्सन फिनलंडमधल्या ‘गार्म’ या व्यंग्य-नियतकालिकासाठी काम करत होत्या, तिथे अंक वेळेवर निघावाच लागे. १९३८ मध्ये, युरोपातले पुढारी हिटलरला हवे ते देऊन शांत करू पाहत होते तेव्हा, चोवीस वर्षांच्या यान्सन यांनी मुखपृष्ठावर त्याला हट्टाने रडणारे पोर केले, ज्याच्यापुढे केकचे तुकडे धरले जात आहेत. ते काम झटपट होते आणि नेमकेही होते, कारण त्या आठवड्यात काय देऊन टाकले जात आहे आणि कोण देत आहे, हे त्यांना अचूक कळले होते. तेव्हा वेग हा गुन्हा नाही. एखादी गोष्ट तुला त्याच रात्री स्वच्छ दिसली, तर त्याच रात्री काढ. न दिसता काढू नकोस, एवढेच माझे म्हणणे आहे.

या हट्टाची किंमत मी मोजली आहे, म्हणून हे अधिकाराने सांगते. एका मोठ्या पुरानंतर एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला मुखपृष्ठ सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्यातून वर आलेले हात आणि वर हेलिकॉप्टर, असे त्यांना हवे होते. मी त्याआधी निवाऱ्यात जाऊन आले होते आणि तिथे एक बाई मला दिसली होती. तिच्या मांडीवर भिजून चिकटलेले बँकेचे पासबुक होते आणि केसातली पिन काढून ती एकेक पान सोडवत होती. पान फाटू नये म्हणून तिने पिनेचे टोक वर आणि वळलेला भाग आत ठेवला होता. मी तिचे हात, ती पिन आणि ते पासबुक काढले. संपादक म्हणाले, यात आपत्ती कुठे दिसते? मी म्हणाले, यातच दिसते. ते चित्र छापले गेले नाही, आणि त्यांच्याकडचे कामही पुढे हळूहळू थांबले. माझ्या बरोबरीच्या लोकांनी मला ताठ म्हटले, काहींनी तर लोक संकटात असताना हिला बारकावे सुचतात, असेही ऐकवले. त्या बाईच्या दृष्टीने संकट म्हणजे त्या पानांवरचे आकडे वाचता येतील की नाही हे होते, आणि मी ते काढले. बुडणारे हात मी पाहिले नव्हते. आजही मला तोच पर्याय दिला, तर मी पिनच काढेन. हे मी स्वतःच्या समर्थनासाठी लिहिते आहे असे तुला वाटले, तर वाटू दे. समर्थन करण्याजोगे आहे, म्हणूनच करते आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आयोजकांनी तुला ‘स्त्री चित्रकारांच्या’ प्रदर्शनात बोलावले आहे, तू स्वतःला स्त्री म्हणवून घेत नाहीस, पुरुषही म्हणवून घेत नाहीस, आणि नकार दिला तर एवढीही जागा हातची जाईल अशी तुला धास्ती आहे. माझे मत असे की आयोजकांना दोन ओळींत सरळ कळव की आपले नाव आणि ओळख आपल्या शब्दांत छापली जाणार असेल तरच चित्र देता येईल. त्यांनी मान्य केले तर उत्तम, नाही केले तर चित्र कुठे जात नाही. या प्रश्नाने तुझी झोप जावी, पण तुझी रेघ जाऊ नये. फ्रेंच लेखक आणि छायाचित्रकार क्लोद काऊन यांनी आपण ना स्त्री ना पुरुष, हे १९३० मध्येच लिहून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी बेटावर जर्मन सैन्य आले, तेव्हा तिथे राहणाऱ्या त्यांनी आणि त्यांच्या जोडीदार, चित्रकार मार्सेल मूर यांनी बारीक चिठ्ठ्या आणि पत्रके तयार केली, ती जर्मन भाषेत लिहिली, खाली ‘बिननावाचा सैनिक’ अशी सही केली आणि सैनिकांच्या खिशांत, गाड्यांत, सिगारेटच्या पाकिटांत सरकवली. जुलै १९४४ मध्ये दोघे पकडले गेले, नोव्हेंबरमध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती अमलात आली नाही, आणि मे १९४५ मध्ये बेट मुक्त झाले तेव्हा सुटका झाली. त्या पत्रकांतला नेमकेपणा पाहा. ‘जगाला’ उद्देशून त्यांत काहीच नव्हते. घरापासून दूर, कंटाळलेला, युद्ध हरत चालले आहे हे आतून ओळखणारा एक सैनिक खिशात हात घालेल, तेव्हा त्याच्या बोटांना काय लागावे, एवढाच त्यांनी विचार केला होता. तुझे चित्र कोणाच्या हातात पडावे, हे तू अजून ठरवलेले नाहीस. आधी ते ठरव.

याच ओघात एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मला अजून सलते. मी शिकत होते त्या काळात छपाईच्या कामात रंगफिल्म दुरुस्त करणाऱ्या, अक्षरे काढणाऱ्या, मोठ्या चित्रकारांच्या रेखाटनांत रंग भरणाऱ्या कितीतरी बायका होत्या. त्यांच्या कामावर त्यांचे नाव कधी आले नाही. भिंगातून तासन्‌तास पाहून त्यांच्या एका डोळ्याभोवती जी सुरकुती पडे, ती मला आजही आठवते, पण कोणाच्या चेहऱ्यावरची कोणती, हे आता सांगता येत नाही. त्यांची रेखाटने करायची राहून गेली. म्हणून प्रत्येक चित्रावर सही कर, तारीख घाल आणि मागच्या बाजूला कुठे पाहिले ते लिही. नम्रतेपोटी सही टाळणे हा गुण नाही. आपल्यासारख्यांची सही पुसायला बाकीचे पुष्कळ हात तयार असतात.

आणि भीतीचे म्हणशील, तर ती खरी आहे, तिला मी खोटे म्हणणार नाही. तुला आलेले घाणेरडे संदेश मी वाचले. बाईने किंवा तुझ्यासारख्या व्यक्तीने राजकीय चित्र काढले की टीका चित्रावर थांबत नाही, ती शरीरावर येते, हे तुझ्याआधीच्या सगळ्यांनी सोसले आहे. कुर्दिश चित्रकार आणि पत्रकार झेहरा दोआन यांना उद्ध्वस्त नुसायबिन शहराच्या चित्रासाठी तुर्कस्तानात २ वर्षे ९ महिने २२ दिवसांची शिक्षा झाली. सैन्यानेच प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रावरून ते चित्र काढले होते. तुरुंगात रंग मिळेनात, तेव्हा त्यांनी चहा, कॉफी आणि रक्त वापरून चित्रे काढली. त्यांच्याएवढे धैर्य तू दाखवावेस अशी माझी मुळीच अपेक्षा नाही, आणि तशी अपेक्षा करणाऱ्यांचे तू ऐकू नयेस. त्या संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेव, त्यांना उत्तर देऊ नकोस, आणि मूळ चित्रे आपल्या घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेव. जर्मन ज्यू चित्रकार शार्लोट सालोमोन यांनी फ्रान्समध्ये आश्रयाला असताना काढलेली शेकडो चित्रे १९४३ मध्ये ओळखीच्या एका डॉक्टरकडे सोपवली. त्याच वर्षी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांना ऑश्विट्झमध्ये मारले गेले. चित्रे मात्र उरली आणि आज ती ॲमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

तुझ्यापेक्षा जास्त काळजी मात्र त्या रांगेतल्या बाईची घे. तुझे चित्र गाजले तर नाव तुझे होईल, पण ओळखू आल्यामुळे तिचा अर्ज अडकला, तर ते तिला निस्तरावे लागेल. म्हणून पुन्हा त्या रांगेकडे जा, ती भेटली तर तिला चित्र दाखव आणि विचार. ती नको म्हणाली तर चित्र तुझ्यापाशी राहू दे. भेटली नाही तर नाकाची आणि कपाळाची ठेवण बदल, अर्जावरचा क्रमांक काढून टाक, पण दातांतला कागद, मागे ओढलेले ओठ आणि नाडीची अर्धी गाठ यांना हात लावू नकोस. नेमकेपणा तिथे आहे, चेहऱ्यात नाही.

आणि आता नवा कागद घे. जुन्यावर खोडाखोड करत बसू नकोस, त्या मुठी पुन्हा डोके वर काढतील. पूर्ण पान तिला दे. गाठ नक्की कशी पडते हे आठवत नसेल, तर स्वतः बूट घालून, दातांत कागद धरून, गुडघ्यावर बसून बघ, म्हणजे मान किती वळते आणि खांदा कुठे येतो ते कळेल. कच्चे रेखाटन झाले की मला पाठव. ते या महिन्यात आले नाही तरी मी वाट पाहीन.

कळावे.